बारमाही टायरची कैफियत

डोंगरवाटा आणि नदीपात्रे तुडवण्याची ताकद अंगी असलेली, चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवणारी गाडी ज्या दिवशी मनुष्याच्या दारात उभी राहते, त्या दिवसापासून त्याची नजर तिच्या टायरांवर पडू लागते. कारखान्याने बसवून दिलेले टायर त्याला मिळमिळीत भासतात; जाडजूड ठोकळ्यांचे, राकट चेहऱ्याचे टायर चढवलेली दुसऱ्या कुणाची गाडी दिसली की आपली गाडी त्याला अपुरी वाटते; आणि टायरच्या दुकानात पाऊल टाकताना तो बहुधा निर्णय करूनच आलेला असतो. या रुबाबाला माझी हरकत नाही. परंतु ज्या वस्तूवर गाडीचे धावणे, वळणे आणि विशेषतः थांबणे अवलंबून आहे, तिची निवड निव्वळ चेहरेपट्टीवरून केली तर सौदा आतबट्ट्याचा ठरण्याचा संभव फार.

गणित अगदी सोपे आहे. सुमारे १८०० किलो भाराची गाडी धरली, तर प्रत्येक चाकाच्या वाट्यास ४५० किलो येतात; टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब असेल, तर हा भार तोलून धरण्यास २१५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास रबर जमिनीला टेकले म्हणजे पुरते. जुन्या क्राउन आकाराच्या पुस्तकाच्या एका पानाएवढी ही जागा. टायरच्या भिंतींचा ताठपणाही थोडा भार उचलत असल्याने हा हिशेब काटेकोर नव्हे, पण अंदाजास पुरेसा आहे. अशा चार पानांवर सारे कुटुंब, सामानसुमान आणि ताशी ८० किलोमीटरचा वेग यांची भिस्त असते; तेव्हा त्या पानांवर काय लिहिले आहे हे वाचून पाहणे अगत्याचे.

बारमाही टायर ही कल्पना मूळची बर्फाच्या मुलखातली. उत्तर अमेरिकेत हिवाळा आला की खोल खाचांचे टायर चढवायचे आणि वसंत लागला की ते उतरवून दुसरे घालायचे, हा तेथील गृहस्थांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. १९७७ साली गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ नावाचा टायर बाजारात आणून वर्षभर एकच जोड वापरण्याची मुभा त्यांना दिली, आणि पुढे तोच तेथे सामान्य व्यवहार झाला. टायरच्या भिंतीवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे दिसतात, ती चिखल आणि बर्फ यांची निदर्शक. परंतु ती केवळ खाचांच्या रचनेवरून कारखानदार स्वतःच उमटवतो, त्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे जे दुसरे चिन्ह १९९९ पासून प्रचारात आले, ते मात्र बर्फावरील पकडीच्या कसोटीस उतरल्यावाचून मिळत नाही. ऐन थंडीत स्पीतीला किंवा लडाखला जाण्याचा ज्याचा बेत आहे त्याने या चिन्हाचा आग्रह अवश्य धरावा. इतरांस दुकानदार ते बोट दाखवून मोठ्या अभिमानाने दाखवतो, तेव्हा आपण मान डोलवून पुढील प्रश्न विचारावा.

कारण आपले ऋतू निराळे. मे महिन्याच्या दुपारी विदर्भातील डांबर साठ अंशांच्या वर तापते, आणि वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वराच्या घाटात त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच टायरला ओल्या, शेवाळलेल्या, धुक्याने वेढलेल्या वळणावर गाडी थांबवून दाखवावी लागते. आपल्या बारमाही टायरची परीक्षा ही अशी आहे: ऊन, पाणी आणि चिखल.

रबर हा पदार्थ मोठा लहरी. उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणाऱ्या कच्च्या रबराला गंधकासह तापवले असता ते दोन्ही दोष टाकते, हे चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधून काढले. रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींस जखडल्या गेल्या आणि ओढले तरी पूर्ववत होणारा पदार्थ हाती आला. तथापि पूर्ववत होताना तो काही ऊर्जा वाटेत गिळतो, आणि टायरचे सारे शास्त्र या गिळण्याभोवती फिरते. ओल्या रस्त्यावर टायर घसरू लागतो तेव्हा डांबरातील खडीचे बारीक उंचवटे रबराला सेकंदाला हजारो वेळा ढोसतात. एवढ्या जलद हालचालीत रेणूंना सावरण्यास अवधी मिळत नाही, आणि रबर वस्तुतः असते त्याहून पुष्कळ थंड असल्यासारखे वागते. उलट, गाडी सरळ धावत असता, २५५/६५ आर १८ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने सेकंदाला नऊ वेळा फिरतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग नऊ वेळा दबतो आणि नऊ वेळा सुटतो. ही चाल त्या मानाने संथ. पहिल्या व्यवहारात रबराने ऊर्जा गिळावी अशी आपली इच्छा, कारण त्यातूनच पकड निर्माण होते. दुसऱ्यात गिळू नये, कारण तेथे गिळलेली ऊर्जा टायर तापवण्यात आणि डिझेल जाळण्यात खर्ची पडते. म्हणून प्रयोगशाळेत पहिल्या गुणाची परीक्षा शून्य अंश तपमानाजवळ आणि दुसऱ्याची साठ अंशांजवळ घेण्याचा प्रघात आहे. रबरात नुसती काजळी मिसळण्याच्या काळात एक गुण वाढवावा तर दुसरा घटे. १९९०च्या दशकाच्या आरंभी मिशेलिनने काजळीच्या जागी बव्हंशी सिलिका वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा ही ओढाताण पुष्कळ सैल झाली. राकट टायरांच्या ठोकळ्यांचे रबर मात्र दगडांवर फाटू नये म्हणून अधिक चिवट ठेवावे लागते, आणि त्या चिवटपणाची किंमत ओल्या डांबरावर मोजावी लागते.

बाजारात या गाड्यांसाठी तीन जातींचे टायर मिळतात, आणि गॅरेजवाल्यापासून हौशी चालकापर्यंत सर्वांच्या तोंडी त्यांची आद्याक्षरेच असतात: रस्त्याचा एच.टी., सर्व प्रकारच्या जमिनीचा ए.टी. आणि चिखलाचा एम.टी. पहिल्याची नक्षी दाट आणि खाचा अरुंद, तिसऱ्याचे ठोकळे सुटे आणि खाचा रुंद, दुसरा या दोहोंच्या मध्ये. टायरजवळ उकिडवे बसून पाहिले तर चांगल्या ए.टी.च्या ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतात. त्यांचे काम नाजूक आहे. मोठ्या खाचांनी पाणी बाजूस सारल्यावर रस्त्यावर जो पातळ ओलावा उरतो, तो या चिरांच्या कडा पुसून काढतात. म्हणून या चिरा ठोकळ्याच्या तळापर्यंत गेलेल्या आहेत की वरवरच्या आहेत, हे नख घालून पाहावे, कारण वरवरच्या चिरा अर्ध्या आयुष्यातच झिजून नाहीशा होतात आणि उरलेले अर्धे आयुष्य टायर पावसात निसरडा राहतो. एम.टी.च्या ठोकळ्यांना अशा चिरा फारच थोड्या. पाण्याला वाट मोकळी असली तरी रस्त्याला टेकलेले रबर कमी आणि ठोकळे उंच असल्यामुळे डळमळणारे, त्यामुळे ओल्या घाटात ब्रेक दाबल्यावर हा दांडगा दिसणारा टायर सौम्य भावंडांच्या मागे पडतो.

मोठ्या खाचांचे काम किती अवाढव्य, याचा अंदाज घेण्यासारखा आहे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असेल, तर पंचवीस सेंटिमीटर रुंदीच्या टायरला ताशी ८० किलोमीटर वेगाने दर सेकंदाला सतरा लिटरांच्या आसपास पाणी वाटेतून हटवावे लागते. ते हटले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणू हातात असूनही नसल्यासारखे होते. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या चाकांवर १९६०च्या दशकात झालेल्या संशोधनातून याचे एक सूत्र निघाले: नक्षी निकामी झालेला टायर ज्या वेगास तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३० पौंड हवेस हा वेग ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास येतो, १८ पौंडांस ७१. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी मुक्रर केली आहे. पण कोकणात उतरणाऱ्याने त्या मर्यादेपर्यंत वाट पाहणे धाडसाचे आहे, कारण तिच्या पुष्कळ आधीच टायर पाण्यापुढे हात टेकू लागतो.

आता चिखल. सर्व चिखल एका जातीचा नसतो, आणि येथेच परदेशी पुस्तकांतील सल्ला आपल्या उपयोगी पडत नाही. मराठवाड्यातील काळ्या रेगूर जमिनीत जी चिकणमाती असते तिच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते आणि ती फुगते. अशा पाणंदीवर पाऊस पडून गेल्यावर गाडी घातली, तर पन्नासएक पावलांतच ए.टी.च्या खाचा काठोकाठ भरतात आणि टायरचा काळा, गुळगुळीत रूळ बनून तो जागच्या जागी गरगरू लागतो. रुंद खाचांचा एम.टी. चाकाच्या वेगासरशी ही ढेकळे बाहेर फेकतो, आणि खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे अडकलेले दगड बाहेर ढकलतात. ज्याची शेतीच अशा जमिनीत आहे आणि ज्याला पावसाळ्यात रोज त्या वाटेने जावे लागते, त्याने एम.टी. निःशंकपणे घ्यावा, त्याच्या बाबतीत तो रुबाब राहत नाही, गरज ठरते. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर गोष्ट वेगळी. जांभ्याची आणि मुरमाची वाट इतकी चिकटत नाही, वरच्या राडीखाली टणक तळ लागतो, आणि तेथे अपाय होतो तो काळ्या पाषाणाच्या धारदार कडांनी, तोही टायरच्या पातळ भिंतींना. त्या बाजूस जाणाऱ्याने नक्षीपेक्षा भिंतीत किती पदर आहेत याची चौकशी अधिक करावी.

वाळूत आणि मऊ मातीत नक्षीहून हवेचा उपयोग अधिक होतो. दाब ३० पौंडांवरून १८वर आणला की टेकलेली जागा, मुख्यतः लांबीत, वाढते आणि चाक रुतण्याऐवजी वर राहते. मात्र डांबरावर येताच ती हवा परत भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर समृद्धी महामार्गासारख्या सलग सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्यात वेगाने पळवला, तर त्याच्या भिंती सतत वाकून तापतात आणि अखेर फाटतात. गाडीत हवेचा लहान पंप आणि दाबमापक नसेल, तर हवा कमी करण्याच्या भानगडीत पडू नये.

माप वाढवण्याच्या हौसेबद्दल थोडक्यात. जिम्नी गाडीचा मूळचा १९५/८० आर १५ टायर ६९३ मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास जेमतेम दीड टक्का वाढतो. २३५/७५ आर १५ घातला तर जवळजवळ सहा टक्के, म्हणजे काटा ८० दाखवीत असता गाडी ८५च्या आसपास धावत असते, आणि इंजिन, ब्रेक व विमा कंपनी या तिघांनाही ते पसंत पडत नाही.

माझ्या मते पुण्या-मुंबईकडील बहुसंख्य गाडीमालकांनी मूळ मापाचा, खोलवर चिरांचा, मवाळ नक्षीचा ए.टी. घ्यावा, आणि ज्याची गाडी डांबर सोडतच नाही, त्याने लोकलज्जा बाजूस ठेवून एच.टी. घ्यावा. घेताना भिंतीवरील चार आकडी खूण वाचावी: ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानाच्या माळ्यावर वर्षे काढलेला टायर नक्षीने कोरा दिसला तरी रबराने म्हाताराच असतो.

टायर घ्यायचे तर पाचही एकदम घ्यावेत. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत चारचाकी जोडणी केली की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. त्यांच्यातील फरक सोसणारी यंत्रणा मध्ये नसते, आणि टायरांचे व्यास निरनिराळे असले तर कोरड्या रस्त्यावर त्या फरकाचा ताण सरळ दंतचक्रांवर येतो. मागच्या दारावर टांगलेला पाचवा टायर ऊन आणि हवेतील ओझोन यांनी न वापरताच तडकू लागतो. ठरावीक अंतराने चाकांची अदलाबदल करताना त्यालाही पाळीत घेतले तर पाचही सारखे झिजतात. न घेतले, तर पंक्चरच्या दिवशी तो इतरांहून सेंटिमीटरभर मोठ्या व्यासाचा निघतो, आणि तो बदलेपर्यंत चारचाकीचा दांडा केवळ मऊ जमिनीवरच ओढता येतो.