आयसीयूतली अंघोळ

आमच्या मेहकरहून पेशंट अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला हलवला की सोबत घरची बाई जातेच. पेशंट आत आयसीयूत, ही बाहेर सतरंजीवर. दोन दिवस गेले की तिला एकच घोर, सासूबाईंच्या अंगाला पाणी नाही लागलं हो! नर्स म्हणते, ‘आम्ही अंग पुसतो.’ बाईचं काही समाधान होत नाही. नुसतं पुसून काय होणार?

मैत्रिणींनो, हे पुसणं कशानं करतात ते महत्त्वाचं. कातडीवर जंतू आपल्या सगळ्यांच्याच असतात. पण दवाखान्यात पडून राहिलेल्या माणसाच्या अंगावर तिथले, औषधांना दाद न देणारे जंतूही मुक्काम ठोकतात. तो आजार नव्हे, नुसती वस्ती. मात्र मानेतून मोठ्या शिरेत नळी घातलेली असली, की त्याच वाटेनं ते रक्तात उतरू शकतात. मग जिवावर बेततं.

त्यासाठी क्लोरहेक्सिडीन नावाचं जंतुनाशक असतं. साबण धुतला की गेला. हे कातडीला धरून तासन्‌तास काम करतं. अमेरिकेतल्या ७४ आयसीयूंचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या आयसीयूंत सगळ्याच पेशंटना रोज यानं पुसलं आणि पाच दिवस नाकात मलम लावलं, तिथं रक्तातला जंतुसंसर्ग सुमारे ४४ टक्क्यांनी घटला. साध्या वॉर्डांत मात्र तसं नाही. २०१९ मध्ये ५३ दवाखान्यांचा अभ्यास आला, त्यात सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. मोठ्या शिरेत नळी वगैरे असलेल्यांना दिसला.

म्हणून विचारायचं ते हे, ‘सिस्टर, यांना नळी आहे, अंग कशानं पुसता?’ विचारायला लाजायचं कशाला? पुसून झाल्यावर वरून धुवायचं नाही. आपल्या मनानं तेल, पावडर, साबण तर नाहीच, त्यानं औषधाचा जोर जातो. डोळ्यांत, कानांत ते जाऊ द्यायचं नाही. आणि घरी बादलीत डेटॉल ओतलं म्हणजे तेच झालं, असंही नाही; ते औषधच वेगळं.

शारंगधर बालाजीचं कुंकू लावायला येणाऱ्यांनी खुशाल लावावं, पण आधी हात धुऊन, आणि नळीला हात न लावता. पलंगावर बसू तर नयेच.

क्वचित कुणाला हे औषध सोसत नाही. पुसल्यावर अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, धाप लागली, तर ताबडतोब सिस्टरना हाक मारायची.