मरळीचा बेडूक खाडीत चालतो का?

अहमदपूरच्या बसस्टँडवरून बाहेर पडलात की समोर जो रस्ता लागतो, त्याचं पूर्ण नाव माहितीय ना? रत्नागिरी-नागपूर महामार्ग. आपण त्यावरून लातूरला जातो, लोह्याला जातो, फार तर नांदेडला. त्या नावातलं पहिलं गाव आपल्यासाठी नुसतं पाटीवर असतं. तिथे समुद्र आहे, एवढं भूगोलात वाचलेलं.

माझंही तसंच होतं. पण माझा एक वर्गमित्र रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात लागला (आपलं उदगीरचं मत्स्य महाविद्यालय सोडून तिकडे कामून गेलास, असं आम्ही त्याला वर्षभर पिडलं) आणि दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "तुझा डबा घेऊन ये. इथे खाडी आहे."

डबा म्हणजे ल्युअरचा. तुमच्यापैकी ज्यांनी लिंबोटीच्या धरणावर किंवा गावच्या तलावावर मरळीसाठी रॉड टाकलाय, त्यांना हा प्रकार सांगायला नको. बाकीच्यांसाठी एका ओळीत: गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा न लावता रबराचा बेडूक, प्लास्टिकचा मासा, चमकणारा पत्रा लावायचा आणि तो पाण्यात असा ओढायचा की माशाला तो जिवंत वाटावा. माझ्या डब्यात तीन बेडूक, दोन पॉपर, पुढे प्लास्टिकची जीभ असलेले दोन क्रँकबेट, एक जर्कबेट आणि मऊ प्लास्टिकच्या शेपटीवाल्या माशांचं एक पाकीट. सगळं गोड्या पाण्याचं. पाकिटांवर ज्या माशाचं चित्र होतं तो होता बास, अमेरिकेतल्या तळ्यांतला मोठ्या तोंडाचा मासा. आपल्या तलावात तो नाही. पण त्याच्यासाठी बनवलेलं सामान आपली मरळ आवडीने घेते, म्हणून ते इथे विकलं जातं.

आता प्रश्न साधा होता आणि खिशाचा होता. खाऱ्या पाण्याचे ल्युअर वेगळे मिळतात आणि ते महाग असतात. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराने ते नव्याने घ्यायचे का? की हाच डबा चालेल?

चालतो. पण का चालतो आणि कुठे दगा देतो, हे मला दोन फेऱ्या, चार गंजलेले गळ आणि एक चांगलीच तंतरलेली संध्याकाळ खर्चून कळलं. तुम्ही ते फुकटात घ्या.

आधी मासा. कोकणातल्या खाडीत रॉडवाल्या मंडळींचा जीव ज्याच्यावर असतो तो म्हणजे जिताडा. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. तोंड मोठं, शरीर जाड, आणि स्वभाव आपल्या मरळीसारखा: मागे धावत सुटायचं नाही, आडोशाला दबा धरून बसायचं आणि भक्ष्य जवळ आलं की झडप. अमेरिकेतला बासही हेच करतो. ल्युअर बनवणाऱ्याने खरं तर पाणी बघून ल्युअर बनवलेलाच नसतो, त्याने ही दबा धरायची सवय बघून बनवलेला असतो. ही सवय तळ्यातही असते, खाडीतही.

आणि जिताड्याची गंमत पुढेच आहे. तो धड समुद्राचा नाही, धड नदीचा नाही. अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाचं खारट पाणी लागतं, पण पिल्लं पावसाळ्यात गोड्या पाण्याकडे वर चढतात. रायगडात पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातले शेतकरी ही पिल्लं आपल्या तळ्यांत सोडून मोठी करतात. म्हणजे ज्या माशाला आपण 'समुद्राचा' म्हणून घाबरत होतो, तो अर्धा तळ्यातलाच निघाला. मग त्याने तळ्यातला बेडूक का घेऊ नये?

उलटा प्रवासही झालेला आहे. अमेरिकेत सस्कुहाना नावाच्या नदीवर बॉब क्लाउझर नावाच्या गाइडने 1980च्या दशकात बाससाठी एक नकली मासा बांधला. हरणाच्या शेपटीचे केस आणि डोळ्यांच्या जागी दोन जड मणी, बस. आज तो जगभर समुद्राच्या काठावर वापरला जातो. लाउरी रापाला या फिनलंडच्या मच्छीमाराने 1936 साली बुचातून मासा कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, तोही तळ्यासाठीच. मऊ प्लास्टिकचं गांडूळ 1949 साली ओहायोत निक क्रीमने काढलं, तेही बाससाठीच. थोडक्यात, खाऱ्या पाण्यातलं बरंचसं सामान गोड्या पाण्यातूनच तिकडे गेलेलं आहे.

हे सगळं ऐकून मी जोशात भाट्याच्या खाडीवर उभा राहिलो आणि पहिल्या दोन दिवसांत मला काहीही लागलं नाही.

पहिला दगा जर्कबेटने दिला. हा ल्युअर तळ्यात ओढून थांबवला की जिथल्या तिथे पाण्यात लटकतो. वर येत नाही, खाली जात नाही. मरळ त्याच क्षणी मारते. खाडीत थांबवला की हा आपला हळूहळू वर. मला वाटलं फुटला, आत हवा गेली. मित्र हसला आणि म्हणाला, "अकरावीचं फिजिक्स विसरलास." आर्किमिडीज! तळ्याचं एक लिटर पाणी हजार ग्रॅमच्या आसपास, समुद्राचं साधारण 1025 ग्रॅम. माझा जर्कबेट 12 ग्रॅमचा, म्हणजे तो 12 मिलिलिटर पाणी बाजूला सारतो. तेवढंच समुद्राचं पाणी भरतं 12.3 ग्रॅम. हा जो वरचा 0.3 ग्रॅम, तोच त्याला वर ढकलतो. परीक्षेत या गणिताला दोन मार्क असतात. इथे त्याच्यावर मासा लागतो की नाही ते ठरतं.

दुसरा दगा गळांनी. रात्री डबा तसाच बंद करून झोपलो. सकाळी उघडला तर गळांवर तांबूस पूड. तिसऱ्या दिवशी गंज शेजारच्या कप्प्यात. गोड्या पाण्याच्या ल्युअरचे गळ बहुतेक बारीक तारेचे आणि साध्या मुलाम्याचे असतात. खारं पाणी त्यांना सोडत नाही. शिवाय जिताड्यासारखा मासा वळला की बारीक गळ सरळ होतो, हा आणखी वेगळा मनस्ताप.

यावर उपाय स्वस्त आहे. ल्युअर बदलायचा नाही, त्याचे गळ आणि गळ अडकवायची कडी बदलायची. कथलाचा मुलामा असलेले जाड गळ घ्या. ते थोडे जड असतात, आणि हीच मजा आहे: त्या जास्तीच्या वजनाने जर्कबेटचा वरचा 0.3 ग्रॅम बऱ्यापैकी फिटतो. कमी पडलं तर गळाच्या दांडीला शिशाच्या तारेचे दोन वेढे द्या आणि बादलीभर खाडीच्या पाण्यात सोडून बघा. बादली खाडीच्याच पाण्याची हवी, हॉस्टेलच्या नळाची नको, नाहीतर सगळं गणित पुन्हा पहिल्यासारखं. आणि पावसाळ्यात नदीचं पाणी उतरलं की खाडी वरच्या अंगाला जवळजवळ गोडी होते. तेव्हा तोच ल्युअर बुडायला लागेल.

वापरलेला ल्युअर परत डब्यात टाकू नका. वेगळ्या डब्यात ठेवा, रूमवर गेल्यावर गोड्या पाण्यात बुडवा, वाळवा, मगच आत. रीलही हलक्या धारेखाली धुवा. पाइपचा जोराचा फवारा मारलात तर मीठ आत जातं. (मऊ प्लास्टिकचे मासे मात्र त्यांच्या पाकिटातच राहू द्या. मी ते कडक प्लास्टिकच्या ल्युअरबरोबर एका कप्प्यात कोंबले आणि मे महिन्यात लातूरच्या उन्हात बसमधून आणले. डबा उघडला तर लगदा.)

दोरी आणि ल्युअर यांच्यामध्ये हातभर जाड, खरबरीत न होणारा लीडर लावा, तीस-चाळीस पौंडाचा. मरळीचे दात आपल्याला माहीत आहेत. जिताड्याला तसे दात नाहीत, पण त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते. उचलतानाही तिथे बोट घालू नका.

पण खरा फरक सामानात नाहीच. तो पाण्याच्या चालण्यात आहे, आणि तो आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, कारण आपलं पाणी थांबलेलं असतं. तलावात मरळ कुठे असेल? जिथे वेल आहे, कमळ आहे, बुडालेली बाभूळ आहे. सकाळी गेलात तरी तिथेच, संध्याकाळी गेलात तरी तिथेच. खाडीत जागा दर तासाला बदलते. ओहोटी लागली की खारफुटीच्या आतलं पाणी बारीक बारीक ओहोळांतून बाहेर यायला लागतं आणि त्याबरोबर कोळंबी, बारके मासे ओढले जातात. जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून उभा. म्हणजे ल्युअर प्रवाहाबरोबर त्याच्याकडे वाहत आला पाहिजे. मी दोन दिवस प्रवाहाच्या उलट ओढत होतो. कुठली कोळंबी पाण्याविरुद्ध पोहत येऊन स्वतःला खायला घालेल?

तलावात पाच ग्रॅमचं जिग हेड पुरतं. इथे ओढ असली की पंधराचं लागतं, नाहीतर ते तळाला टेकतच नाही. आणि बेडूक? खाऱ्या पाण्यात बेडूक कुठून आला, असं मलाही वाटलं होतं. पण त्या पोकळ रबरी बेडकाचे गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, त्यामुळे तो वेलीत अडकत नाही तसाच खारफुटीच्या मुळांतही अडकत नाही. माशाला तो बेडूक वाटण्याची गरज नाही. खाण्यासारखं काहीतरी वर तडफडतंय, एवढं त्याला पुरतं.

भरतीची वेळ काढायला ॲप आहेतच, पण कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशेब भारी आहे. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. तासाभराचा फरक पडतो, पण अंदाज पक्का. पुढची भरती साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. आमच्या घरी कालनिर्णयचा उपयोग उपवासापुरता होता.

हा हिशेब मी शिकलो तो मासा लागावा म्हणून नाही. दुसऱ्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी एका खडकावर उभा होतो. समोर फटाफट बारके मासे उडत होते, माझं लक्ष तिकडे. काठावर कालवं फोडणारी एक आजी ओरडली, "अरे, मागं बघ! पाणी मागनं भरतंय!" वळून बघितलं तर ज्या वाळूवरून चालत आलो होतो तिथे पाणी, आणि खडक बेट झालेला. मला तेव्हा विहिरीत पोहता येत होतं, एवढंच. रॉड डोक्यावर धरून परत आलो तेव्हा पाणी छातीला होतं आणि पायाखालून वाळू सरकत होती. आजी काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कालवं फोडायला लागली. आपल्याकडे पाणी वाढतं ते पाऊस पडला की, धरण सोडलं की, आणि त्याची दवंडी पिटली जाते. समुद्र दिवसातून दोनदा वाढतो आणि सांगत नाही. म्हणून नियम एकच: खडकावर जायचं ते ओहोटी चालू असताना, आणि पाणी वळायच्या आत उतरायचं. एकटं जायचं नाही. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत जाणार असाल तर आणखी एक, तिथे मगरी आहेत. गंमत करत नाहीये.

तिसऱ्या दिवशी, साखरतरच्या खाडीत, ओहोटीच्या दुसऱ्या तासाला मऊ प्लास्टिकच्या शेपटीला एक तांबोशी लागली. वीतभर, तांबडी, रागीट. त्यानंतर बेडकाला एक दणका बसला, 'बॉक्' असा आवाज झाला, आणि दोरी सैल. तो जिताडाच होता असं मित्र म्हणतो. मीही तसंच सांगतो.

पुढे त्यानेच मला एक गोष्ट सांगितली, जी मला तेव्हापासून छळते. जिताडा जन्माला येतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे हातात धरून फोटो काढावा असा जो मोठा मासा, तो बहुतेक वेळा अंड्यांवरची आई. लहान सोडून मोठा ठेवायचा हा आपला नेहमीचा न्याय इथे उलटा पडतो. मग मला आपली मरळ आठवली. पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी पिल्लांचा गोळा दिसतो आणि त्याखाली जोडी राखण करत असते. तिथे बेडूक टाकला की हमखास फटका, कारण ती भुकेने नाही, पिल्लांसाठी चावते. आम्ही त्याला 'पक्की जागा' म्हणायचो. जोडी उचलली की तासाभरात बाकीचे मासे तो गोळा साफ करतात. गेल्या पावसाळ्यात असा गोळा दिसला तेव्हा मी रॉड गुंडाळला आणि बरोबरच्या पोरांशी भांडणही झालं. शिवाय तलावावर संस्थेचा ठेका असतो, तिथल्या भोई मंडळींचं पोट त्यावर असतं. त्यांना विचारल्याशिवाय दोरी टाकू नये. खाडीतही कुणाचं जाळं लागलेलं असेल तर तिथून लांब.

पुढच्या सुट्टीत कुणी जाणार असाल तर एक काम आहे. माझा हिरवा बेडूक साखरतरच्या खारफुटीत, चौथ्या ओहोळाच्या डाव्या हाताला, मुळात अडकून राहिलाय. ओहोटीला दिसला तर काढून आणा. गळ तेवढे बदलून घ्या, गंजले असतील.