राज्य कामगार विमा योजना
राज्य कामगार विमा योजना : आजारपण, प्रसूती व कामावरील अपघात यांत कामगारांना संरक्षण देणारी भारतातील सक्तीची योजना. १९४८ च्या अधिनियमान्वये ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. वर्गणी वेतनाच्या प्रमाणात, उपचार मात्र गरजेप्रमाणे, हे तिचे मूलतत्त्व. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०·७५% व मालकाची ३·२५% ठरविण्यात आली. म्हणजे दरमहा २०,००० रु. वेतनावर अनुक्रमे १५० व ६५० रुपये. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापण्यास कायद्याने मनाई आहे; तथापि वेतन ठरवितानाच मालक तो हिशेबात धरतो, असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. वैद्यकीय खर्चाचा काही भाग राज्य शासन सोसते. सर्वसाधारण वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रु. झाली. अल्पशा वेतनवाढीने ती ओलांडणारा कामगार काही काळाने कुटुंबासह योजनेबाहेर पडतो आणि रुग्णालयाचे देयक त्यालाच भागवावे लागते.