‘वॉसेल’ : एका जुन्या अभीष्टचिंतनाची कथा

संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवताना गोड बोलण्याची विनंती आपण आवर्जून करतो. देणे आणि बोलणे यांची अशी सांगड दूरदेशीही आढळते. संक्रांतीच्याच आठवड्यात, १७ जानेवारीस, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील कारहॅम्प्टन गावचे लोक सफरचंदाच्या बागेत जमतात आणि एका पुरातन शब्दाने झाडांचे अभीष्ट चिंततात. तो शब्द ‘वॉसेल’. हजारांहून अधिक वर्षांत त्याने जे चढउतार पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवावेत असे आम्हांस वाटते.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘वेस हाल’ असे होते. त्यातील ‘हाल’ म्हणजे धडधाकट, अभंग. आपल्या ‘हाल’ या शब्दाच्या अर्थाच्या अगदी उलट! आरोग्यवाचक ‘हेल्थ’, संपूर्णतावाचक ‘होल’ आणि पावित्र्यवाचक ‘होली’ हे आजचे इंग्रजी शब्द त्याच्याच कुळातले. ‘वेस’ म्हणजे ‘अस’, ‘राहा’. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘वस्’ धातूशी लावतात. आपले ‘निवास’ आणि ‘वस्ती’ हे शब्द त्याच धातूचे. सारांश, ‘सुखरूप राहा’ एवढाच या बोलाचा आशय. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्याचा नायक ह्रॉथगार राजाच्या सभेत येतो, तो याच शब्दांनी त्याचे कुशल चिंतीत.

पुढे या अभीष्टचिंतनाच्या हाती चषक आला. इ. स. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ याने लिहिलेल्या ग्रंथात एक आख्यायिका आहे. हेंगिस्टची कन्या सुवर्णपात्र घेऊन व्हॉर्टिगर्न राजापुढे येते आणि हे शब्द उच्चारते. दुभाषा राजाला उत्तर शिकवतो, ‘ड्रिंक हेल’. राजा पितो, मोहित होतो आणि तिच्यापायी केंटचा प्रांत देऊन बसतो. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही; परंतु शब्द आणि प्रतिशब्द यांची प्रथा त्या काळी किती रुळली होती, हे तीवरून कळते.

कालांतराने पेयालाच वॉसेल म्हणू लागले. भाजलेली सफरचंदे, साखर व जायफळ घातलेल्या यवमद्याचे पात्र घेऊन गोरगरीब नाताळात दारोदार गात फिरत, घरधन्याचे कल्याण चिंतीत आणि अन्न वा नाणी मिळवीत. शेक्सपिअरच्या नाटकांत मात्र हा शब्द मद्यधुंद जल्लोषासाठी येतो. आरोग्याची प्रार्थना आरोग्य बिघडविणाऱ्या व्यसनाचे नाव व्हावी, यापरता दैवदुर्विलास कोणता? १६४७ साली प्युरिटनांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने नाताळाचा उत्सवच रद्द केला. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

बागांनी मात्र मूळ भाव जपला. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट हेरिकच्या काव्यसंग्रहातही झाडांना वॉसेल करण्याचा उल्लेख आहे. सफरचंदाच्या मद्यात भिजवलेला पाव फांदीवर ठेवावा, मुळांशी ते मद्य शिंपावे, बंदुकांचे बार काढून अरिष्ट पळवावे आणि झाडाकडे भरघोस बहर मागावा, असा हा विधी. १७५२ साली इंग्लंडने पंचांग सुधारले व ११ दिवस वगळले. तथापि नाताळाचा बारावा दिवस जुन्या गणनेनेच पाळण्याचा आग्रह काही गावांनी सोडला नाही. म्हणून तेथे ६ जानेवारीऐवजी १७ जानेवारी!

राजसभेतून चषकात, चषकातून दारोदार आणि अखेर झाडाच्या मुळाशी, असा हा प्रवास. शब्द तोच राहिला. त्यात भाव किती भरायचा हे उच्चारणाऱ्यांनी ठरविले. उद्या तिळगूळ देताना आपलेही बोल केवळ सवयीने ओठांवर येत आहेत की अंतःकरणातून, एवढे प्रत्येक घराने क्षणभर पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.