स्टोर्नोवेचा किल्ला आणि मुंबईची अफू

स्टोर्नोवेच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पाऊस वरून नव्हे, बाजूने येत होता. कोकणात आषाढात झड लागते तशीच, पण हाडं गोठवणारी. इथली माणसं छत्रीच्या भानगडीत पडत नाहीत. टोपी कानांवर ओढायची आणि चालू लागायचं. धक्क्याखालच्या काळ्या पाण्यातून एका सीलने डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बुडी मारली.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुईस बेटाचं हे मुख्य गाव. अलापूलहून फेरीबोटीने अडीच तास. एकेकाळी हे बंदर हेरिंग मासळीवर जगलं. मासळी साफ करणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या टोळीने काम करत: दोघी चिरणाऱ्या, एक मीठ लावून पिंपात रचणारी. सुरी लागू नये म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळत. तरी कापायचंच, आणि त्यावर मीठ. त्यांचा पुतळा बंदरावर आहे. त्या भिजलेल्या हातांपाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

मान वर केली की खाडीपलीकडे झाडीत ल्यूज कॅसल दिसतो. हे बेट जवळजवळ उघडंबोडकं, झाडं अशी मुख्यतः किल्ल्याभोवती. तीही मुद्दाम लावलेली. लावणारा जेम्स मॅथेसन. 1832 साली विल्यम जार्डिनबरोबर त्याने कॅंटनमध्ये जार्डिन मॅथेसन कंपनी काढली, चीनमध्ये चोरट्या मार्गाने अफू उतरवून अफाट पैसा केला आणि 1844 मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं.

ही अफू बंगालमधून जाई, तशीच माळव्यातूनही. माळव्याच्या पेट्या मुंबई बंदरातून निघत. मुंबईत या कंपनीचे सर्वांत जवळचे व्यापारी होते जमशेटजी जीजीभॉय. 1805 मध्ये फ्रेंचांनी ‘ब्रन्सविक’ जहाज पकडलं, तेव्हा त्यावर प्रवासी जमशेटजी होते आणि जहाजाचा डॉक्टर होता जार्डिन. ती ओळख पुढे दोन बंदरांचं नशीब घडवून गेली. जमशेटजींच्या नावाचं मुंबईचं जे. जे. रुग्णालय 1845 चं, या किल्ल्याचं बांधकाम 1847 चं. दोन्हींच्या पैशात तोच व्यापार मिसळलेला आहे.

मॅथेसनने बटाट्याच्या दुष्काळात बेटावर धान्य आणलं, हे खरं. त्यासाठीच त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. पण 1851 सालापासून खंड थकलेल्या कुळांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवायला सुरुवात झाली. चार-पाच वर्षांत सतराशेहून अधिक माणसं गेली. काहींनी स्वखुशीने वाट धरली असेल. पण खंड थकलेल्या माणसाच्या खुशीला कितीसा अर्थ?

आता किल्ल्यात संग्रहालय आहे. याच बेटावर 1831 मध्ये सापडलेल्या, वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या मध्ययुगीन बुद्धिबळाच्या सहा सोंगट्या तिथे पाहायला मिळतात. त्यातली राणी हात गालाला लावून बसलेली. ब्रिटिश म्युझियमच्या गर्दीत तिच्याकडे इतकं निवांत पाहता येत नाही.

जमशेटजींसारख्या दानशूरांचे पुतळे आपल्याकडे आहेत आणि त्यांचं दान खोटं नव्हतं. पण त्या पैशाची वाट माळव्याच्या शेतातून कॅंटनपर्यंत कशी गेली, हे मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने स्वतंत्र दालनात, ठळक अक्षरांत मांडायला हवं.