स्ट्रेप्टोमायसिन : क्षयरुग्णाच्या खाटेपासून डाळिंबाच्या बागेपर्यंत

चांदवड, देवळा, सटाणा या पट्ट्यातील डाळिंब उत्पादक ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ ओळखतात ते तेल्या रोगावरील फवारणीचे औषध म्हणून. परंतु त्या भुकटीत दहापैकी नऊ भाग असलेले स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक, म्हणजे एका सूक्ष्मजीवाने तयार केलेले व दुसऱ्याला मारक ठरणारे द्रव्य, मुळात माणसाच्या क्षयरोगासाठी नावारूपाला आले.

पेनिसिलिन क्षयाच्या जंतूपुढे निष्प्रभ ठरत असताना, १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या संशोधक विद्यार्थ्याने ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’ या मातीतील जिवाणूपासून ते वेगळे केले. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले, आणि हा शॅट्झ यांच्यावरील अन्यायच होता. जंतूच्या पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमवर स्ट्रेप्टोमायसिन आघात करते. पोटातून शोषले जात नसल्याने ते स्नायूत टोचावे लागते, आणि श्रवणशक्ती व तोल यांना त्यापासून इजा होऊ शकते. तरीही क्षयाबरोबर प्लेगवरही ते गुणकारी ठरले.

ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरुग्णांवरील चाचणीत, औषध कोणाला द्यायचे हे यदृच्छेने ठरवले गेले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर न मिळालेल्या ५२ पैकी १४ दगावले. पुढे मात्र हे अंतर बरेचसे मिटले, कारण एकट्या औषधाला जंतू लवकरच दाद देईनासे झाले; म्हणूनच क्षयासाठी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

महाराष्ट्रात १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही बनवले, आणि बागांसाठीचे स्ट्रेप्टोसायक्लिनही.

तेल्यात पानांवर व फळांवर तेलकट ठिपके पडतात, फळ तडकते आणि पावसाळ्यात रोग झपाट्याने पसरतो. हातची बाग जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याने मिळेल ते औषध फवारले, यात त्याला दोष देता येत नाही. परंतु वारंवार फवारलेल्या प्रतिजैविकामुळे बागेतील व मातीतील जिवाणूंमध्येही औषधाला दाद न देण्याची तीच शक्ती बळावते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ च्या मसुदा आदेशात १ जानेवारी २०२४ पासून शेतीतील हा वापर पूर्णपणे थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. रोगट फांद्या छाटून जाळणे, बोर्डो मिश्रण फवारणे आणि पावसाळी मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे, हे उपाय चांदवडच्या बागायतदारांना आजही करता येण्याजोगे आहेत.