लोहस्तंभाचे चित्र संगणक कसे काढतो?

दिल्लीत मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात एक प्राचीन लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सुमारे ७.२ मीटर असून वजन ६ टनांहून अधिक आहे. सुमारे सोळा शतके ऊनपाऊस सोसूनही तो गंजून गेलेला नाही. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले.

ह्या स्तंभाचे हुबेहूब चित्र संगणकाकडून काढून घ्यावयाचे आहे, असे समजा. सर्वत्र एकच तपकिरी रंग दिल्यास तो स्तंभ लाकडाचा वाटेल. आपल्या डोळ्यांस वस्तूची ओळख केवळ रंगावरून पटत नाही. पडलेला प्रकाश ती कोणत्या दिशेस व किती परत पाठविते, ह्यावरून पटते. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूसाठी हा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीस ‘शेडर’ म्हणतात. लॅम्बर्ट ह्या शास्त्रज्ञाने १७६० साली निस्तेज पृष्ठभागाचा नियम सांगितला. १९७५ साली फाँग यांनी त्यात चकाकीची भर घातली. पुढे कुक व टॉरन्स यांनी धातूची चकाकी धातूच्याच रंगाची का दिसते, हे गणितात बसविले.

परंतु खऱ्या वस्तू एकाच द्रव्याच्या क्वचितच असतात. स्तंभाच्या तळाशी लोखंड, त्यावर संरक्षक थर आणि सर्वांत वर धूळ, असा क्रम आहे. संगणकातही हाच क्रम पाळावा लागतो. येथे एक चूक हमखास घडते. रोगण दिलेल्या धातूवर प्रकाशाचे १०० भाग पडले, तर रोगणाचा पृष्ठभाग समोरून सुमारे ४ भाग परतवितो. उरलेले ९६ भाग आत जातात. खालचा धातू निम्मा प्रकाश परतवीत असेल, तर त्याच्याकडून ४८ भागांहून अधिक येणे शक्य नाही. कित्येक जण १०० चे निम्मे, म्हणजे ५० धरतात आणि चित्रातील वस्तू वाजवीपेक्षा उजळ दिसू लागते. वरच्या थराने घेतलेला प्रकाश खालच्या थराच्या खाती पुन्हा मांडता येत नाही.

थर सर्वत्र सारखेही नसतात. स्तंभास पाठ टेकून दोन्ही हात मागे जुळविण्याची प्रथा लोकांत होती. त्या स्पर्शाने खालचा एक पट्टा घासला जाऊन गुळगुळीत झाला. म्हणून १९९७ साली भोवती कुंपण घालण्यात आले. कोठे कोणता थर किती उरला आहे, हे सांगणारा एक नकाशा संगणकास द्यावा लागतो. तो नसेल, तर माणसांच्या हातांची ही खूण चित्रातून नाहीशी होईल.

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. काळवंडलेल्या पितळी तांब्याचा अर्धा भाग चिंचेने घासून तो खिडकीपाशी ठेवावा व हळूहळू फिरवावा. उजळलेल्या भागावर खिडकीचे प्रतिबिंब दिसेल. दुसऱ्या भागावर ते पुसट होत जाईल. तांब्या एकच, पण त्याचे चित्र काढण्यास संगणकाला दोन हिशेब मांडावे लागतील.